नाव शेवटी

बोटीतून समुद्रपक्षी दिसला की नाव लगेच तोंडात येतं, आणि तिथेच घात होतो. स्टॉर्म पेट्रेल या छोट्या समुद्रपक्ष्यांच्या विल्सन्स, लीचेस, स्विन्होज अशा जाती एकमेकींसारख्या दिसतात; एकदा 'स्विन्होज' म्हटलं, की डोळे स्विन्होजच शोधायला लागतात. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर पुन्हा लिहून ठेवतोय: आधी वर्णन, मग नाव.

स्टॉर्म पेट्रेल लाटेच्या खळग्यातून वर येतो, दोन-तीन सेकंद दिसतो आणि पुढच्या लाटेआड जातो. तेवढ्यात सगळंच बघायला जाऊ नये. पहिल्या झलकेत फक्त कंबर, म्हणजे शेपटीच्या मुळाशी पाठीचा भाग: पांढरी की काळी? दुसऱ्या झलकेत शेपटी आणि पाय. विल्सन्सची शेपटी सरळ कापल्यासारखी, पाय तिच्या बाहेर डोकावतात, आणि कंबरेचा पांढरा पट्टा दोन्ही कुशींवर उतरतो. लीचेसची शेपटी खाचेची, पंख लांब, पांढऱ्या कंबरेच्या मधोमध बहुधा काळपट रेघ. स्विन्होजची कंबर काळी. पण लीचेसमध्येही काळ्या कंबरेचे पक्षी असतात, त्यामुळे एवढ्यावर भागत नाही. स्विन्होजच्या पंखाच्या वरच्या बाजूला, बाहेरच्या मोठ्या पिसांच्या दांड्या मुळाशी पांढऱ्या असतात. ही खूण दुर्बिणीतून क्वचितच पकडता येते, फोटोत मात्र सापडते.

फोटोसाठी शटर 1/2000 सेकंद किंवा त्याहून वेगवान. गडद पाणी बघून कॅमेरा उजेड वाढवतो, पांढरा भाग जळतो आणि कंबरेचा पट्टा आहे त्याहून रुंद दिसतो. म्हणून एक्स्पोजर थोडं खाली. दुर्बीण 8 पटीचीच बरी, 10 पटीची हलत्या बोटीवर फार थरथरते. काचेवरचं मीठ कोरड्या फडक्याने कधीच पुसू नये, ओरखडे पडतात. आधी गोड्या पाण्याने ओलं करावं.

आकाराचा अंदाज मला अजिबात भरवशाचा वाटत नाही. शेजारी ओळखीचा पक्षी असेल तरच लिहावा. उडण्याची ढबही वाऱ्याबरोबर बदलते: मंद वाऱ्यात फडफडणारा पक्षी जोराच्या वाऱ्यात तरंगत जातो. पिसं झडण्याच्या काळात तर शिअरवॉटर या दुसऱ्या समुद्रपक्ष्याच्या पंखावर भलताच पांढरा पट्टा उमटतो, कारण वरची छोटी पिसं गळून खालच्या पिसांची पांढरी मुळं उघडी पडतात.

न्यूझीलंड स्टॉर्म पेट्रेल कित्येक दशकं नामशेष मानला जात होता. पुरावा म्हणून संग्रहालयांतले तीन जुने नमुने होते. 2003 मध्ये समुद्रावर त्याचे फोटो मिळाले. पांढऱ्या पोटावरच्या गडद रेघा त्यांत दिसत होत्या, आणि त्या नमुन्यांशी ताडून बघता आल्या. पुढे 2013 मध्ये न्यूझीलंडच्या हाउतुरू बेटावर त्याची वीण सापडली. त्या बारीक रेघांचा विचार केला, की फोटो साफ यायला हवा असं फार तीव्रतेने वाटतं.

पक्षी कुठे आहे याची हाक घड्याळाच्या भाषेत द्यायची, नाळ (बोटीचं पुढचं टोक) म्हणजे बारा. ज्याला दिसला त्याने नजर हलवायची नाही. कॅमेऱ्याची वेळ आणि जीपीएसची वेळ निघण्यापूर्वीच जुळवून घ्यायची. पक्षी गेल्यावर आपसात बोलण्याआधी प्रत्येकाने आपापली नोंद आणि रेखाटन करायचं. चर्चा सुरू झाली, की न दिसलेली खाचही सगळ्यांना आठवायला लागते.