तलावांच्या पाळीवरून: गोंदिया-भंडाऱ्याची भटकंती

गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांत येणारा बाहेरगावचा पाहुणा बहुतेक वेळा वाघासाठी येतो. नागपूरहून पहाटे निघायचे, नागझिऱ्याच्या अभयारण्यात सफारी करायची, वाघ दिसला तर आनंदाने आणि नाही दिसला तर हिरमुसून त्याच संध्याकाळी परत फिरायचे, असा हा ठरलेला बेत असतो. जंगलाविषयी मला मनापासून ओढ आहे आणि सफारीला जाऊ नका असे मी कोणालाही सांगणार नाही. तरीही या भागात येणाऱ्या प्रत्येकाला माझे आग्रहाचे सांगणे असते की निदान निम्मा वेळ तलावांसाठी राखून ठेवावा, कारण या मुलखाची खरी ओळख तलावांच्या पाळीवर चालतानाच होते.

येथील बहुसंख्य तलाव माणसांनी बांधलेले आहेत, हे प्रथम लक्षात घ्यावे लागते. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाची माणसे या भागात आली. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, राजाने काशीच्या यात्रेहून परतताना त्यांना सोबत आणले, अशी परंपरागत कथा त्यांच्यात सांगितली जाते. जंगल साफ करून, दोन टेकड्यांमधल्या चिंचोळ्या जागी मातीची पाळ घालून पाणी अडवणे आणि त्या पाण्यावर ऊस व धान पिकवणे, ही त्यांची विद्या. पुढे हे तलाव मालगुजारांच्या, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या, ताब्यात राहिले आणि १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपल्यानंतर सरकारकडे आले, म्हणून सरकारी कागदोपत्री त्यांना माजी मालगुजारी तलाव आणि लोकांच्या बोलण्यात ‘मामा तलाव’ म्हणतात. पूर्व विदर्भात असे हजारो तलाव आहेत. त्यांच्याखेरीज शेताशेतांतल्या लहान बोड्या आहेत त्या वेगळ्याच. पावसाळ्यानंतर या भागातून रेल्वेने जाताना खिडकीतून एक पाणी नजरेआड होण्याआधी दुसरे दिसू लागते.

या सर्वांत मानाचा तलाव म्हणजे अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील नवेगावबांध. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला, अशी नोंद ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्ये आहे. त्याच कोलू पाटलांना लोकांनी पुढे कोलासूर देव मानले. धरण बांधणाऱ्या माणसाला देवत्व देणारा समाज पाण्याकडे कोणत्या भावनेने पाहत असेल, हे त्यावरून समजते. तलावाभोवती टेकड्यांची रांग आहे आणि तिच्यातील शिखरांना ‘सात बहिणी’ म्हणून ओळखतात. यंत्रांशिवाय, केवळ माणसांच्या आणि बैलांच्या बळावर, टेकड्यांचा असा नेमका उपयोग करून घेतलेला हा जलाशय अजूनही दरवर्षी भरतो. पाहुण्याने आधी पाळीवर उभे राहून ही बांधणी शांतपणे न्याहाळावी. पाणी कोणत्या बाजूने येते, जादा झाल्यावर सांडव्यावरून कोठे जाते आणि नहरातून धानाच्या बांध्यांत, म्हणजे बांध घातलेल्या शेतांत, कसे उतरते, हे एकदा कळले की पुढे दिसणारा प्रत्येक लहान तलाव वाचता येऊ लागतो.

नवेगावबांधला लागून असलेल्या जंगलाला १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ पक्ष्यांचा. उत्तरेकडून, हिमालयापलीकडून आलेली बदके आणि हंस या दिवसांत तलावावर उतरतात. लालसरी, तलवार बदक, चक्रवाक आणि पट्टकादंब यांची ओळख पटवून घ्यायला मध्यम प्रतीची दुर्बीणही पुरते. वर्षभर येथेच राहणारे हळदीकुंकू बदक, अडई, टिबुकली, वारकरी, जांभळी पाणकोंबडी आणि पानांवरून तुरुतुरु चालणारा कमळपक्षी हे तर कोणत्याही तलावाच्या काठाशी भेटतात. सूर्योदयानंतरचा दीड-दोन तासांचा वेळ सर्वांत चांगला, आणि त्या वेळी सूर्य पाठीशी राहील अशी जागा निवडावी. हिवाळ्यात पहाटे पाण्यावर दाट धुके असते, त्यामुळे अंधारात धडपडत पोहोचण्यापेक्षा थोडे उशिरा जाणेच बरे. गरम कपडे मात्र विसरू नयेत. विदर्भ म्हणजे ऊन, एवढेच ठाऊक असलेल्या मंडळींना गोंदियाच्या डिसेंबरमधली थंडी अनपेक्षित वाटते.

नावाजलेला तलाव पाहून झाल्यावर एखादा बिननावाचा तलाव निवडावा, असे मी सुचवीन. साकोलीजवळचा शिवनीबांध, तिरोडा तालुक्यातील बोदलकसा आणि चोरखमारा हे परिचित आहेतच, परंतु कोणत्याही गावाच्या कडेला असलेल्या तलावाची पाळही तितकीच मोलाची असते. पाळ उंच असते, तिच्यावर जुनी झाडे असतात, एका हाताला पाणी आणि दुसऱ्या हाताला खाली पसरलेल्या बांध्या दिसतात. सपाट रस्त्यांमुळे सायकलीसाठी हा प्रदेश फार सोयीचा आहे, आणि एका गावाच्या तलावावरून दुसऱ्या गावाच्या तलावाकडे अशी सकाळची फेरी सहज होते. वाटेत ढीवर समाजाचे मासेमार डोंग्यातून जाळी टाकताना दिसतील. बहुतेक तलावांची मासेमारी सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते, म्हणून गळ टाकायची हौस असेल तर आधी गावात विचारावे. परवानगीशिवाय मासे धरणे म्हणजे कोणाच्या तरी पोटावर पाय देणे होय. सकाळी काठावरच ताजे मासे विकत मिळतात. मरळ मिळाली तर ती मुक्कामाच्या ठिकाणी झणझणीत रश्श्यात शिजवून मागावी. हिवाळ्यात रस्त्याकडेला शिंगाड्यांचे ढीग लागतात, तेही याच पाण्याचे पीक.

या तलावांची प्रकृती सगळीकडे सारखी नाही, हे येथे नमूद करणे मला आवश्यक वाटते. काही तलाव गाळाने उथळ झाले आहेत आणि काहींच्या काठाला बेशरमच्या झुडपांनी वेढले आहे. अशा वेळी अर्जुनी-मोरगाव परिसरातील ढीवर स्त्री-पुरुषांनी बेशरम उपटून काढणे, पाण्याखाली वाढणाऱ्या स्थानिक वनस्पती पुन्हा लावणे आणि देशी माशांना अंडी घालण्याजोगी जागा करून देणे, हे काम नेटाने केले आहे. असा सुधारलेला तलाव आणि शेजारचा दुर्लक्षित तलाव एकाच सकाळी पाहावा. पक्ष्यांच्या संख्येतला फरक कोणी सांगण्याची गरज पडत नाही.

आता सारसाविषयी. उडू शकणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच असलेला हा क्रौंच महाराष्ट्रात आज प्रामुख्याने गोंदिया जिल्ह्यात आणि अगदी थोड्या संख्येने भंडाऱ्यात उरला आहे. पूर्ण वाढलेला सारस जवळजवळ सहा फूट उंच भरतो. राखाडी अंग, लाल डोके आणि मान, आणि जोडीने चालण्याची सवय यांमुळे तो दुरूनही ओळखू येतो. वैनगंगा आणि बाघ या नद्यांच्या बाजूचा, मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याला लागून असलेला पट्टा त्याचा. गोंदिया तालुक्यातील परसवाडा व झिलमिली येथील तलाव त्यासाठी प्रसिद्ध आहेत. पावसाळ्यात सारसाची जोडी बऱ्याचदा थेट धानाच्या बांधीत घरटे घालते आणि बहुधा दोन अंडी देते. घरट्यापायी थोडे धान वाया जात असूनही अनेक शेतकरी त्याला हात लावत नाहीत, उलट राखण करतात. दरवर्षी पावसाच्या तोंडावर वनविभाग आणि स्वयंसेवक मिळून सारसांची गणना करतात. अलीकडच्या गणनांत दोन्ही जिल्हे मिळून हा आकडा चाळिशीच्याही आत राहिला आहे. विजेच्या तारांचा धक्का आणि शेतातील कीटकनाशके ही त्याच्यापुढची मोठी संकटे आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या पक्ष्याच्या रक्षणाचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला, यावरून परिस्थितीचे गांभीर्य कळावे.

म्हणूनच सारस पाहायला जाणाऱ्याने काही बंधने स्वतःवर घालून घ्यावीत. जुलै ते सप्टेंबर हा घरट्यांचा काळ असल्याने त्या महिन्यांत घरट्याची जागा शोधत बांध्यांत उतरू नये. कोणी जागा दाखवली तरी तिचे छायाचित्र ठिकाणाच्या नावासह समाजमाध्यमांवर टाकू नये. हिवाळ्यात पिल्लांसह कुटुंबे उघड्यावर चरताना दिसतात. तेव्हा रस्त्यावरूनच, गाडीच्या आडोशाने पाहावे आणि पक्ष्यांनी माना उंचावून चरणे थांबवले की एवढ्या संकेतावर मागे सरकावे. ड्रोन तर मुळीच नको. नर-मादीने आळीपाळीने घातलेली साद एकदा ऐकायला मिळाली की हे सगळे नियम पाळल्याचे समाधान वाटते. तो आवाज एक-दोन किलोमीटरवरूनही ऐकू येतो.

नागझिऱ्याविषयी थोडक्यात. १९७० मध्ये अभयारण्य झालेले हे जंगल २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग झाले. पिटेझरी आणि चोरखमारा ही त्याची परिचित प्रवेशद्वारे आहेत. वाघांची संख्या वाढावी म्हणून २०२३ च्या मे महिन्यात ब्रह्मपुरीच्या जंगलातून दोन वाघिणी आणून येथे सोडण्यात आल्या. वाघ दिसेलच अशी खात्री येथे ताडोबाइतकी देता येत नाही. परंतु रानकुत्र्यांचे कळप, रानगवे, अस्वले आणि जंगलाच्या मधोमध असलेला नागझिऱ्याचा तलाव यांसाठी मी या जंगलाला वरचे स्थान देतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले गळतात आणि ती वेचायला गावकरी पहाटे जंगलात जातात. अस्वलालाही तीच फुले आवडतात, म्हणून या दिवसांत जंगलाच्या कडेला पहाटे एकट्याने पायी फिरू नये. पावसाळ्यात सफारी बंद असते.

नवेगावबांधहून दक्षिणेकडे गेल्यास गाढवी नदीवरचे इटियाडोह धरण लागते. मामा तलावांनंतर हे विसाव्या शतकातले मोठे धरण पाहिले की मापांतला फरक डोळ्यांत भरतो. याच परिसरात, गोठणगाव-प्रतापगडजवळ, १९७२ मध्ये वसवलेली नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. धानाच्या बांध्यांमधून जाताना एकाएकी प्रार्थनेच्या रंगीत पताका दिसू लागतात. तेथील मठात शांतपणे जाता येते. प्रतापगडाच्या डोंगरावर महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते, आणि तेथेच असलेल्या दर्ग्यावरही भाविक श्रद्धेने जातात. चढण फारशी कठीण नाही आणि वरून धरणाचे पाणी दूरवर दिसते.

पावसाळ्यात येणाऱ्यांसाठी सालेकसा तालुका योग्य. दरेकसा स्थानकाजवळचा हाजरा फॉल जुलै ते ऑक्टोबरदरम्यान भरून कोसळतो आणि तेथील व्यवस्था स्थानिक वन व्यवस्थापन समिती पाहते, त्यामुळे प्रवेशशुल्काचा पैसा गावातच राहतो. खडक निसरडे असतात, धारेच्या तोंडाशी जाऊ नये. जवळचे कचारगड हे गोंड समाजाचे मोठे तीर्थस्थान आहे. माघ पौर्णिमेच्या सुमारास तेथे अनेक राज्यांतून भाविक येतात. त्या दिवसांत जाणार असाल तर सहलीला नव्हे, दर्शनाला आल्यासारखे वागावे.

पोहोचण्याची सोय चांगली आहे. गोंदिया हे मुंबई-हावडा मार्गावरचे मोठे जंक्शन असून तेथून बल्लारशाहकडे जाणाऱ्या मार्गावर अर्जुनी स्थानक आहे. नागपूरहून रस्त्याने साकोली सुमारे १०० किलोमीटर. पुढे कोहमाऱ्याहून नवेगावबांधकडे वळता येते. दोन रात्रींचा मुक्काम किमान हवा, तीन असतील तर उत्तम, आणि मुक्कामाचे ठिकाण शहरापेक्षा गावाजवळ असावे.

हिवाळ्यात येणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. या भागाला झाडीपट्टी म्हणतात आणि दिवाळीनंतर येथे गावोगावी मंडई भरू लागते. दिवसा जत्रा, पाहुण्यांची वर्दळ, काही गावांत दंडार हे लोकनाट्य, आणि रात्री उघड्या मैदानात उभारलेल्या मंडपात झाडीपट्टीचे नाटक. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा येथील नाट्यमंडळ्या हा पूर्ण हंगाम गावोगाव फिरत असतात. आजूबाजूच्या खेड्यांतून माणसे घोंगड्या-चादरी घेऊन येतात आणि नाटक पहाटेपर्यंत चालते. कोणत्या गावात कोणत्या दिवशी मंडई आहे, हे चहाच्या टपरीवर विचारले की कळते. ज्या रात्री नाटकाला जाणार असाल, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळची सफारी ठरवू नका. दुपारनंतरची ठेवा आणि सकाळ एखाद्या जवळच्या पाळीवर घालवा.