फिर्यादी, पण रेकॉर्डवरचा

पोलिसांचा अहवाल मी शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात उभ्यानेच वाचला. जखम खरी, कोयता खरा, आरोपी निष्पन्न नाहीत. इथवर सगळं आमच्या बाजूचं. आणि शेवटी: ‘अर्जदार हा पूर्वी शिक्षा भोगलेला इसम आहे.’ हे कुणी विचारलं होतं?

मी विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर वकिली करते. आरोपी सापडला नाही, खटला उभाच राहिला नाही, तरी पीडिताला सरकारकडून भरपाई मागता येते, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९६, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ३५७-अ. त्यासाठी मला लागते तपास बंद करताना पोलीस देतात ती ‘ए समरी’: गुन्हा खरा, पण तपास लागला नाही. ‘बी’ म्हणजे फिर्यादच खोटी. ती झाली की अर्जात जीव उरत नाही. ‘ए’ लिहिताना काही तपासी अधिकाऱ्यांचा हात जड होतो, कारण त्यात अपयश त्यांचं असतं.

माझा अशील मार्केट यार्डात बदली हमाल. माथाडी मंडळाकडे नोंद नाही, म्हणजे तिकडचंही काही मिळणार नाही. रात्री गाड्या फोडत निघालेल्या पोरांना हटकलं, तर मनगटावर वार झाला. उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत. पन्नास किलोच्या पोत्याला हूक लावायचा तो याच हाताने. तरुणपणी चोरीच्या गुन्ह्यात वर्षभर येरवड्याला होता, त्यालाही आता बारा वर्षं झाली.

उपनिरीक्षकांना विचारलं. “अहो मॅडम, रेकॉर्डवरचा माणूस. आपसातलंच असणार.” पुरावा? “अनुभव.”

इंग्लंडच्या २०१२ च्या योजनेत ही अट छापूनच ठेवली आहे. अर्जदाराला तुरुंगवासाची शिक्षा झालेली असेल आणि ती ठरावीक काळानंतर कायद्याने कालबाह्य, म्हणजे न मोजण्याजोगी, झाली नसेल, तर भरपाई नाही. मानवी तस्करीला बळी पडलेल्या दोन भावांनी तिला आव्हान दिलं, ते २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात हरले. वाचलं तेव्हा चीड आली होती. पण त्या नियमातही माझा हमाल बसला असता! वर्षभराची शिक्षा तिथे एव्हाना केव्हाच कालबाह्य झाली असती. आमच्या कलमात पीडिताच्या पूर्वायुष्याबद्दल अवाक्षर नाही, आणि म्हणूनच त्याला मुदतही नाही. जे लिहिलेलंच नाही ते कालबाह्य कधी होणार?

चौकशी दोन महिन्यांत पूर्ण करा असं कायदा सांगतो. ते दोन महिने अहवालाची वाट बघण्यातच गेले.

अहवालातली ती शेवटची ओळ वगळावी म्हणून हरकतीचा अर्ज टाइप करून ठेवलाय. एक ज्येष्ठ वकील म्हणाले, “ताणू नका. रक्कम थोडी कमी होईल, पण हातात पडेल.” हमालाचंही तेच म्हणणं. “मिळेल ते घ्या, मॅडम. परत पोलिसांत नको.” अशिलाचं ऐकायला हवं, हे कळतं. तारीख सोमवारी आहे. तोवर अर्ज फायलीत आहे, फाडलेला नाही.