झेड

परवा दुपारी लॅपटॉप उघडला, तर काळ्या पडद्यावर तेच वाक्य आणि त्याखाली लुकलुकणारी तीच काडी. गेममध्ये माझ्या मागे काहीतरी लागलं होतं. मी दार लावून घेतलं होतं, कडी हलायला लागली होती आणि नेमका फोन वाजला. लॅपटॉप मिटला तो मिटलाच. म्हणजे ते बिचारं (ज्याला धड तोंडही नाही त्याला बिचारं म्हणावं का, हा प्रश्नच आहे) तीन दिवस दाराबाहेर ताटकळत उभं आहे.

नुसत्या शब्दांच्या गेमचं हे असंच. आपण काही टाइप करून एंटर दाबावं, तेव्हा तिथला एक क्षण पुढे सरकतो. एन म्हणजे उत्तरेला, एक्स म्हणजे नीट बघ, झेड म्हणजे थांब. मला झेडची खोड आहे. काही सुचलं नाही की झेड. त्यावर ‘वेळ गेला’ एवढंच उत्तर येतं आणि माझ्या पोटात गोळा येतो. राक्षस आला तर निदान पळता येतं. नुसता वेळ गेला, तर कुठे पळणार?

हा गेम म्हणजे ‘अँकरहेड’. मायकेल जेन्ट्री यांनी लिहिलेला, 1998 सालचा. सुरुवात कशी, तर नोव्हेंबर महिना, पाऊस, नव्या घराची किल्ली घ्यायची आहे आणि एजंटचं ऑफिस बंद. मग गल्लीत शिरून कचऱ्याचा डबा ढकलायचा, त्यावर चढायचं आणि खिडकीतून आत घुसायचं. पुढे विश्वाच्या पलीकडून काय काय येणार असतं, पण आधी किल्ली! हे मला फारच पटतं. 2018 मध्ये त्याची चित्रांसह नवी आवृत्ती निघाली. मी हट्टाने जुनीच खेळते. चित्र आलं की मी दात मोजत बसते आणि मोजता आलेल्या दातांची भीती वाटत नाही. ज्याच्यावरून विश्वाच्या पलीकडच्या भयाची ही सगळी जातकुळी सुरू झाली तो अमेरिकन भयकथालेखक लवक्राफ्ट 1937 सालीच गेला. त्याची पात्रं तर भयाच्या ऐन टोकाला पोचली की ‘वर्णन करता येत नाही’ म्हणून मोकळी होतात. शाळेच्या निबंधात असं लिहिलं असतं तर मार्क कापले असते.

तर, ताटकळत उभं राहणं. लहानपणी आम्ही स्टॅच्यू खेळायचो. समोरच्याला ‘स्टॅच्यू!’ म्हटलं की त्याने जागच्या जागी गोठायचं, ‘ओव्हर’ म्हणेपर्यंत. एकदा मी शेजारच्या मैत्रिणीला स्टॅच्यू केलं आणि तेवढ्यात घरातून हाक आली. गेले ती अभ्यासाला बसले आणि विसरूनच गेले. अंधारून आल्यावर खिडकी लावायला उठले, तर ती खाली तशीच. एक हात पुढे, मान किंचित कललेली. हसत नव्हती. मी ओव्हर म्हणायला हवं होतं. मी खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी खेळायला आली. तिला ओव्हर कोण म्हणालं, हे मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं आता वाटतं, पण तेव्हा हिंमत झाली नाही आणि नंतर तो विषय निघाला नाही.

परवा बराच वेळ त्या काडीकडे बघत बसले. दार उघडावं, पळावं, की आणखी तीन दिवस तसंच ठेवावं? शेवटी सवयीने झेड टाइप केलं. एंटरवर बोट ठेवलं आणि कोपऱ्यात बॅटरी संपत आल्याची खूण दिसली. चार्जर आणायला आत गेले. परत आले तर पडदा काळा, यावेळी काडीसुद्धा नाही.

सेव्ह केलं नव्हतं. आता पुन्हा पाऊस, पुन्हा ती गल्ली, पुन्हा कचऱ्याचा डबा.