नाकाची भूक

घरातील कोणी ‘मला नको’ म्हणून ताटावरून उठले की माझा घास घशातच अडकतो. ही खोड जुनी आहे आणि तिच्यामुळे नातेवाइकांत माझी पुरेशी थट्टाही होते, कारण लग्नाच्या पंगतीत एखाद्या अनोळखी माणसाच्या पानात मसालेभात तसाच राहिलेला दिसला तरी मी वाढप्याला खूण करते. अशा बाईच्या घरी श्रावणातल्या एका दुपारी मांजराचे पिल्लू आले आणि बशीकडे पाठ करून बसले.

त्याची आई रस्त्यावर वाहनाखाली गेली होती. मीटरच्या खोलीत मागे राहिलेल्या दोन पिल्लांपैकी पिवळे वरच्या मजल्यावरच्या काकूंनी उचलले आणि करडे आमच्या वाट्याला आले. पिवळ्याने त्याच दिवशी काकूंची बशी चाटूनपुसून स्वच्छ केली. करड्याचे डोळे मात्र चिकटलेले होते, नाकपुड्यांवर खपली धरली होती आणि अंग गार पडले होते.

मांजर म्हटले की आपल्याला दूधच सुचते. इमारतीतल्या एका आजोबांनी तर त्यात चिमूटभर साखर घालण्याचा सल्ला दिला. वास्तविक गाईच्या दुधातील शर्करा पुष्कळ मांजरांना पचत नाही आणि एवढ्याशा जिवाला त्यापायी होणारी हगवण उपासाइतकीच घातक ठरते. साखरेचे तर विचारूच नये. गोड चव ओळखण्यासाठी लागणारा एक जनुक मांजरकुळात निकामी झालेला आहे, असे फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतील संशोधकांनी २००५ मध्ये दाखवून दिले. थोडक्यात, मावशी असो की वाघ, श्रीखंड दोघांनाही व्यर्थच.

पशुवैद्यांनी दात पाहून पिल्लाचे वय पाच आठवड्यांच्या आसपास ठरवले आणि आधी ऊब द्यायला सांगितली, कारण गारठलेल्या पिल्लाच्या पोटात अन्न गेले तरी ते पचत नाही. मग ते म्हणाले, याला सर्दी झाली आहे, वास येत नाही. आणि ज्याला वास नाही ते अन्न आहे हे मांजराला पटतच नाही. तेव्हापासून गरम पाण्याचा नळ सोडून, दार लावून, पिल्लाला मांडीवर घेऊन न्हाणीघरातल्या वाफेत बसणे हा माझा दुपारचा उद्योग झाला.

त्या वाफेत मला लहानपणचे ताप आठवत. आमची आजी तापकऱ्याला सुरुवातीला जेवणाचे विचारतच नसे. ‘लंघनं परमौषधम्’ असे ती ठणकावून सांगे आणि आईने पदराआड आणलेले बिस्किट मुकाट्याने डब्यात परत जाई. मग एखाद्या संध्याकाळी, घाम येऊन ताप उतरला की, ती मऊ भाताची वाटी घेऊन येई. भातावर मेतकूट आणि साजूक तूप असे, आणि कडेला काळ्या पडलेल्या जुन्या लिंबाच्या लोणच्याची फोड. ती फोड भरवण्याआधी आजी आमच्या नाकाखालून फिरवी, ‘तोंडाला पाणी सुटले का?’ एवढेच विचारी, आणि नाही म्हटले तर वाटी उचलून स्वयंपाकघरात निघून जाई. चिऊचा घास, काऊचा घास असले लाड तिच्याकडे नव्हते. मला ते फार निष्ठुर वाटे. दिसेल त्याला वाढत सुटण्याची माझी खोड त्या उचलून नेलेल्या वाटीपासूनच लागली असावी, असा मला संशय आहे.

आजीचे लंघन मात्र मांजराला लागू नाही. एवढ्या लहान पिल्लाच्या रक्तातील साखर काही तासांच्या उपासानेही घसरू शकते, आणि चांगल्या धष्टपुष्ट मांजराने काही दिवस अन्न सोडले तर यकृतात चरबी साचून तेही दगावू शकते. म्हणून सुई काढलेल्या सिरिंजने, पिल्लाला पोटावरच ठेवून, गालाच्या कडेने थेंब थेंब भरवावे लागे. तान्ह्या बाळासारखे उताणे धरले तर पातळ अन्न फुप्फुसात उतरण्याचा धोका असतो. अधूनमधून उकडलेली कोंबडी कुस्करून, कोमट करून समोर ठेवायची, कारण कोमट अन्नाचा वास अधिक येतो. आमच्या घरी श्रावणात कोंबडी शिजण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. त्यातही कांदा-लसूण मांजरांना विषारी, तेव्हा सासूबाईंनी थोडा विचार करून निर्णय दिला की कांदा-लसूण नाही म्हणजे तसे हे चातुर्मासाला धरूनच आहे. पातेले मात्र त्यांनी वेगळे ठेवले.

अखेरीस काकूंनी अलिबागहून आलेला सुका जवळा चिमूटभर भाजला आणि त्या कोंबडीवर भुरभुरला. त्याचा वास जिनाभर झाला. नाक बऱ्यापैकी मोकळे झालेल्या करड्याने मान वर केली, अंदाज घेतला आणि बशीत असे तोंड घातले की ती फरशीवर सरकत भिंतीपर्यंत गेली.

काकूंचे पिवळे त्याच आठवड्यात एका पहाटे गेले. आदल्या रात्री त्याने मागून मागून खाल्ले होते. ‘हे तर खात होते ना गं?’ असे काकूंनी मला विचारले. डॉक्टरांनाही कारण सांगता आले नव्हते.