जिनिंगच्या गावातलं कॉम्प्युटरचं दुकान

यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगावात आमचं दुकान सुरू झालं ते झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म आणि सातबाऱ्याच्या प्रिंटवर. दुरुस्ती हा जोडधंदा. विंडोज टाकायचं, व्हायरस काढायचा, की-बोर्डात सांडलेला चहा पुसायचा. गेमिंगच्या कॉम्प्युटरची पहिली ऑर्डर 2018 साली आली आणि तिथेच आम्ही तोंडावर आपटलो.

कापसाचे पैसे हातात आले होते म्हणून एक काका पोराला घेऊन आले. पोट्ट्याला जीटीएक्स 1050 टीआय हे ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेमची चित्रं तयार करणारं कार्ड, पाहिजे होतं. मी नागपूरला सीताबर्डीवर गेलो, तर तिथे जीटी 730 हे कार्ड बरंच स्वस्त दिसलं आणि दोन्ही खोक्यांवर 4 जीबी मेमरीच छापलेली. मनात म्हटलं, 4 जीबी ते 4 जीबी, काकांचे पैसे वाचवू. तिसऱ्या दिवशी काका मोटरसायकलवर मागे बसून, कॅबिनेट मांडीवर धरून दारात हजर. "काऊन भाऊ, हे तं बैलबंडीसारखं चालून राह्यलं."

मेमरी तेवढीच होती, पण 730 मध्ये संथ डीडीआर3 आणि 1050 टीआयमध्ये वेगवान जीडीडीआर5. शिवाय चित्र तयार करणारे कोअर एकात 384, दुसऱ्यात 768, तेही नव्या पिढीचे. गोदाम कापसानं गच्च भरलेलं आणि जिनिंगची, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायची, मशीन एकच चालू, असा तो प्रकार. पदरचे पैसे घालून कार्ड बदलून दिलं. ते 730 आजही आमच्या काउंटरवरच्या कॉम्प्युटरमध्ये आहे, सातबारे काढते बिचारं.

1050 टीआयनं मग आम्हाला दोन-तीन वर्षं जगवलं. ते फक्त 75 वॅट घेतं, तेही बहुतेक मॉडेलमध्ये मदरबोर्डाच्या स्लॉटमधूनच. वेगळी वायर जोडायची गरज नाही. कॅबिनेटसोबत फुकट येणारा हलका एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबासुद्धा ते झेपवत होता.

2021 मध्ये कार्डंच मिळेनात. क्रिप्टोच्या खाणीवाल्यांनी, म्हणजे कार्डांवर गणितं चालवून आभासी चलन कमावणाऱ्यांनी, बाजार उचलून नेला होता. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियम या चलनानं हे खाणकाम, म्हणजे मायनिंग, बंद केलं आणि तीच कार्डं जुन्या मालात ओतली गेली. एका व्यापाऱ्यानं आम्हाला दोन आरएक्स 580 कार्डं दिली, "उलुशी वापरलेली" (थोडीशीच) म्हणून. एकाचं बायोस, म्हणजे कार्डाच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर, मायनिंगसाठी बदललेलं निघालं, ते पुन्हा मूळचं टाकावं लागलं. दुसऱ्यानं मे महिन्यात जीव सोडला. तेव्हापासून जुनं कार्ड अर्धा तास गेम चालवून पाहिल्याशिवाय आम्ही घेत नाही. समोरचा कितीही ओळखीचा असो.

इकडे कार्ड मरतं ते उन्हानं आणि कापसानं. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाली की हवेत रुईचा भुगा उडतो. रस्त्यालगतच्या घरातलं कार्ड आम्ही उघडतो तेव्हा पंख्यामागच्या पट्ट्यांवर चक्क पांढरी गादी बसलेली असते. टायरवाल्याकडच्या हवेनं साफ करू नका, त्या हवेत पाणी येतं. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरा, नाहीतर तो उलटासुलटा गरगरून बेअरिंग जातं. आणि उन्हाळ्यात कॅबिनेट कूलरच्या तोंडासमोर ठेवू नका. माणसाला बरं वाटतं, पण ती ओली हवा यंत्राच्या कामाची नाही.

दुसरी भानगड लाइनीची. खोक्यावर 600 व्हीए लिहिलेल्या साध्या यूपीएसमधून खरे 360 वॅटच मिळतात. 170 वॅटचं आरटीएक्स 3060 कार्ड आणि तगडा प्रोसेसर मिळून गेममध्ये जोर धरतात, त्यात लाइन गेली की यूपीएस एकदा किंचाळतो आणि सगळंच बंद. म्हणून 2023 मध्ये आरटीएक्स 4060 आलं तेव्हा लोकांनी 8 जीबी मेमरीवरून आणि मेमरीकडे जाणाऱ्या 128 बिटच्या अरुंद वाटेवरून (बस) नाकं मुरडली, पण आम्ही खूश होतो. 115 वॅट! आमच्या गिऱ्हाइकाला हा आकडा जास्त कामाचा. नव्या गेममध्ये सगळ्या सेटिंग वर नेल्या तर 8 जीबी अपुरी पडते हे खरं, ते आम्ही आधीच सांगून टाकतो.

मॉनिटरचं महत्त्व मात्र फार उशिरा कळलं. पूर्वी गिऱ्हाईक कार्डावर पैसा ओतायचं आणि उरलेल्यात मॉनिटर. आता आम्ही उलटं विचारतो, पडदा कोणता? फुल एचडीत सुमारे 20.7 लाख ठिपके, 1440पीत 36.9 लाख, फोर-केत 83 लाख. एवढे ठिपके कार्डाला दर सेकंदाला साठ किंवा एकशे चव्वेचाळीस वेळा भरायचे असतात, हेच ते हर्ट्झ. पडदा ठरला की कार्ड जवळजवळ आपोआप ठरतं. "एवढे पैसे देऊन राह्यलो तं मोठाच दे" म्हणणारे बाप पुष्कळ, पण 27 इंचावर फुल एचडीचे ठिपके जवळून डोळ्याला टोचतात. फुल एचडीला 24 इंच, 27 हवा तर 1440पी. व्हीए नावाच्या प्रकारातल्या पडद्याचा काळा रंग छान गडद असतो, पण अंधाऱ्या दृश्यात पळणाऱ्या माणसामागे सावली ओढली जाते. गोळीबाराचे गेम खेळणाऱ्याला आम्ही आयपीएस प्रकारचा पडदाच देतो.

एका पोराचा फोन आला, "भाऊ, 144 हर्ट्झचा मॉनिटर घेतला पण मले काई फरक वाटत नाई." माझा भाऊ गाडी काढून त्याच्या गावाला गेला. केबल कार्डात नव्हती, मदरबोर्डाला लावलेली. प्रोसेसर रायझन 5 5600जी, त्याच्यात स्वतःचं ग्राफिक्स असतं, म्हणून चित्र दिसत होतं आणि शंकाही येत नव्हती. नावात एफ असलेला, स्वतःचं ग्राफिक्स नसलेला इंटेलचा प्रोसेसर असता तर पडदा काळाच राहिला असता, पहिल्याच दिवशी कळलं असतं. केबल बदलली, विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये 60 होतं ते 144 केलं. चार महिने कार्ड रिकामं बसून होतं! चूक आमचीच, बसवून दिलं आणि सेटिंग न पाहता निघून आलो.

आता काउंटरवर दोन मॉनिटर शेजारी ठेवलेत, एक 60 हर्ट्झचा, एक 144 चा. पोट्टे गेम लावतात, आम्ही नुसता माउस हलवायला सांगतो. मागच्या हंगामात एका पोराला फरक सांगता येईना, तर सोबतचे आजोबा काठी टेकून वाकले, दोन्हीकडे माउस फिरवून पाहिला आणि दुसऱ्याकडे बोट दाखवलं. "याच्यातला बाण उड्या मारत नाई, सरकते."

पोरानं 144 चा घेतला. पैसे आजोबांनी धोतराच्या कनवटीतून मोजून दिले.