आमची वाटचाल : दांडिया बाजार ते पुणे, स्पीड पोस्टानं

दुकान मामांचं, लेखकांची बाडं टाइप करून प्रकाशकांना पाठवायचं. दिवसभर बडोद्याच्या न्यायमंदिराबाहेर बसून ते कोर्टाचं गुजराती टायपिंग करायचे. संध्याकाळी दांडिया बाजारातल्या घरी गोदरेजच्या मराठी टाइपरायटरवर कुणाची ना कुणाची कादंबरी चालू असायची. फुलस्केप, पाठकोरं, दोन ओळींत मोकळी जागा, डावीकडे दीड इंच समास; मूळ प्रत आणि खाली दोन कार्बन. त्या मशीनचा ‘ळ’ झिजलेला. त्यामुळे ‘काळ’, ‘बाळ’ आलं की मामा करंगळीऐवजी मधल्या बोटानं दणका द्यायचे. शेजारच्या घरात ऐकू यायचं.

मग कॉम्प्युटर आला : श्रीलिपीचे मराठी फाँट, पानं लावायला पेजमेकर, नंतर कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येणारं युनिकोड. भाडं निघत होतं, एवढंच.

फेब्रुवारी २०१८मध्ये ९१वं साहित्य संमेलन आमच्या बडोद्यात भरलं. गावात लेखकांचं पीक आलं आणि त्याच महिन्यात समोरच्या गाळ्यात एक दुकान उघडलं. नाव लिहीत नाही, बडोदेकरांना ठाऊक आहे. बाहेर बोर्ड : ‘एका क्लिकवर पंचवीस प्रकाशक’. आम्ही एका प्रकाशकाला पाठवायचो, तीन-चार महिने थांबायचो, उत्तर आलं नाही तर नम्र स्मरणपत्र, मग दुसरा. एवढा धीर कुणाला? आमची माणसं रस्ता ओलांडून गेली. मला बघून छत्री आडवी धरायचे, मार्च महिन्यात! एक कॉम्प्युटर विकला, ऑपरेटरला रजा दिली.

त्यात आमची स्वतःचीच चूक. श्रीलिपीतली एक जुनी कादंबरी युनिकोडमध्ये फिरवली आणि घाईत न वाचता धाडली. रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसलेले, ‘बऱ्याच’चं ‘बर्याच’ झालेलं. प्रकाशकांनी दोनच ओळी लिहिल्या : आधी शुद्ध प्रत पाठवा, मग बोलू. ते पत्र गल्ल्याच्या काचेखाली अजून आहे. समोरच्यानं मात्र ही गोष्ट आख्ख्या रावपुऱ्यात सांगितली, आणि पदरचे चार रफार घालून.

तेव्हा टिकल्या त्या फक्त काकू. बँकेतून निवृत्त, मामांच्या वेळेपासूनच्या. खरं तर काकूसुद्धा आधी समोरच गेल्या होत्या. त्यांचं बाड पंचवीस जणांना एकाच मेलमधून गेलं, सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसत होते, आणि वर मायना एकाच प्रकाशकाच्या नावाचा! उरलेल्या चोवीस जणांनी काय समजायचं? काकू पिशवी घेऊन परत आल्या, म्हणाल्या, “अरे, मला बाई लाज वाटली. तू आपला सावकाश कर.”

पाच आठवडे लावले. पानांना सलग क्रमांक, प्रत्येक पानावर नाव, पत्र एकच पान : काय लिहिलंय, किती शब्द, आधी काय छापून आलंय. ‘माझ्या मैत्रिणींना फार आवडलं’ हे वाक्य काढायला मात्र दोन दिवस वाद घालावा लागला. सारांशात शेवटही सांगितला. प्रकाशकापाशी कसलं रहस्य राखायचं? आणि पाठवण्याआधी त्या प्रकाशकाची चार पुस्तकं काकूंनी वाचावीत, असा हट्ट धरला. कवितासंग्रहच काढणाऱ्याकडे कादंबरी धाडणारे थोडे नाहीत.

विषय निघालाच आहे तर सांगतो. मराठीत एजंट, म्हणजे लेखकाच्या वतीनं प्रकाशकाशी बोलणी करणारा माणूस, शोधत बसू नका, थेट प्रकाशकाकडे जा. इंग्रजीत लिहिणारी नातवंडं येतात, त्यांना सांगतो : एजंट लेखकाच्या मिळकतीतले साधारण पंधरा टक्के घेतो, तेही पुस्तक विकलं गेल्यावर, नुसतं वाचायचे पैसे मागणाऱ्याला लांबूनच नमस्कार. करार लेखीच हवा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क देताना मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षांची धरतात, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. आणि नकार आला तर फोन करून भांडू नका. भांडणाराचं नाव लक्षात राहतं, पुस्तक नाही.

काकूंचं बाड पाच महिन्यांनी परत आलं. नकारच, पण समासात पेन्सिलीनं खुणा, आणि ‘पुढचं लेखन जरूर दाखवा’. ते पत्र त्यांनी मला झेरॉक्स करायला दिलं, तीन प्रती. पैसे घेतले नाहीत. ऑपरेटरला दुसऱ्या दिवशी परत बोलावलं.

समोरच्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मालक तोच. मुलीसाठी एक घेतलं परवा; दीडशे सांगितले, एकशे वीसला दिलं, आणि विचारतो कसा, “अजून एकेकालाच पाठवता का हो?”