तुम्ही विचारलंत म्हणून: ‘आता संशोधन सोपं झालं असेल ना?’

पालकसभेत, लग्नाच्या पंगतीत, जुने विद्यार्थी रस्त्यात भेटले की, हा प्रश्न मला हमखास येतो. “मॅडम, आता सगळं मोबाईलवर मिळतं. मुलांना संशोधन सोपं झालं असेल ना?” मी पुण्यात इतिहास शिकवते, एम.ए.च्या मुलांना लघुप्रबंधासाठी मार्गदर्शन करते. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

सोपं झालंय, आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. आम्ही शिकत होतो तेव्हा दुसऱ्या विद्यापीठातला एखादा प्रबंध बघायचा तर मार्गदर्शकांचं पत्र घेऊन त्या गावाला जावं लागे. ज्याच्याकडे गाडीभाड्याला पैसे आणि राहायला नातेवाईक, त्याचं संशोधन पुढे जाई. आज ‘शोधगंगा’वर देशभरातले लाखो प्रबंध खुले आहेत. २०२५च्या जानेवारीपासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या केंद्र सरकारच्या योजनेतून सरकारी उच्च शिक्षण संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिकं मिळू लागली. नंदुरबारच्या मुलीला आणि डेक्कनवर राहणाऱ्या मुलाला एकच लेख एकाच दिवशी वाचता येतो, ही लहान गोष्ट नाही. जुन्या काळाचे गोडवे गाणाऱ्यांना मी हे आधी सांगते.

पण या सोयीबरोबर एक वाक्य फार वाढलंय. “मॅडम, यावर काहीच नाहीये.” पूर्वी हे वाक्य विद्यार्थी महिनोन्महिने ग्रंथालयातल्या सूचीकार्डांचे खण उपसल्यावर, चाचरत म्हणायचा. आता विषय ठरल्याच्या दुसऱ्या दिवशी ठामपणे म्हणतो, कारण त्याने सर्च केलेलं असतं.

मागे एका विद्यार्थिनीने पुण्यातल्या १८९७च्या प्लेगवर काम करायचं ठरवलं. आठवड्याभरात तिच्याकडे पीडीएफचा ढीग जमला. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ब्रिटिश हिंदुस्थानातल्या रोगराईविषयीचे सरकारी अहवाल स्कॅन करून खुले केले आहेत. तिथून तिने बरंच उतरवून घेतलं. किती घरं तपासली, सैनिक कुठल्या पेठेत गेले, खर्च किती आला, सगळं टापटीप. पहिलं प्रकरण लिहून आणलं तेव्हा ते वाचून मी अस्वस्थ झाले. भाषा तिची होती, पण नजर प्लेग कमिटीची होती. ज्यांच्या घरात सैनिक शिरले, ज्यांची भांडीकुंडी रस्त्यावर आली, ती माणसं त्यात फक्त आकड्यांत होती. २२ जून १८९७ला चाफेकर बंधूंनी गणेशखिंड रस्त्यावर या कमिटीचा प्रमुख रँड याच्यावर गोळी का झाडली, हे त्या प्रकरणातून कळलंच नसतं. मी विचारलं, मराठी साधनं कुठे आहेत? ती म्हणाली, “नाहीयेत.”

तिने ‘पुण्यात प्लेग’ असं शोधलं होतं. त्या काळच्या मराठी मजकुरात याच रोगाला ‘ग्रंथिक सन्निपात’ही म्हणत. शिवाय जुन्या छपाईत ‘पुण्यांत’ असतं, ‘नाहीं’ असतं, ‘कांहीं’ असतं. हे अनुस्वार १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी गेले. तिच्या पिढीने ते कधी पाहिलेलेच नाहीत. यंत्राला ‘पुण्यात’ सांगितलं तर ते ‘पुण्यांत’ दाखवेलच असं नाही. आणि ही झाली अक्षरं ओळखली गेलेल्या पुस्तकांची गोष्ट. कित्येक मराठी पुस्तकं स्कॅन झालीत ती नुसत्या चित्रांसारखी; आत शोधताच येत नाही. मोडी कागद तर त्याहून लांब.

मोडीचं निघालंच आहे तर हेही सांगते. गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४मध्ये पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड छापले. ते आता घरबसल्या वाचता येतात, म्हणून मुलांना वाटतं पेशवे दफ्तर म्हणजे तेवढंच. ती फक्त निवड होती. कोट्यवधी कागद इथेच, पुण्यात, रुमालांमध्ये बांधलेले आहेत. कॉलेजपासून बसने जाता येईल इतक्या अंतरावर असलेली गोष्ट ‘नाही’ ठरते, कारण ती लंडन-एडिंबरोच्या ऑनलाइन संग्रहांत दिसत नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

त्या मुलीला मी पर्यायी शब्दांची यादी करायला लावली आणि वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली उघडायला पाठवलं. नजर बसायला वेळ लागला. मग औषधांच्या जाहिराती सापडल्या, वाचकांच्या तक्रारी सापडल्या, गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहिलेल्यांची वर्णनं सापडली. सावित्रीबाई फुले याच साथीत, रुग्णांची शुश्रूषा करताना, १० मार्च १८९७ला गेल्या, हे तिला शाळेपासून पाठ होतं. आता त्या तारखेच्या आजूबाजूचं शहर तिला दिसू लागलं. प्रबंध निम्मा पुन्हा लिहिला तिने. कंटाळली, पण लिहिला.

आता एआय आलंय आणि अडचण उलट्या बाजूनेही सुरू झालीय. सर्च असलेल्याला ‘नाही’ म्हणतं, हे नसलेल्याला ‘आहे’ म्हणतं. एका मुलाने संदर्भसूचीत एक मराठी ग्रंथ दिला होता: लेखक, प्रकाशक, ‘पुणे, १९०३’, सगळं जिथल्या तिथे. ग्रंथपालांनी दोन-तीन ठिकाणी चौकशी केली. असा ग्रंथच नव्हता. मुलगा लबाड नव्हता, त्याला खरंच तो मिळालाय असं वाटत होतं. तेव्हापासून माझा नियम आहे: जे पान स्वतः पाहिलं नाही ते सूचीत नको. आणि प्रत्येकाने एक वही ठेवायची, ‘मिळालं नाही’ची. कुठे शोधलं, कोणत्या शब्दांनी, कोणाला विचारलं. ‘काहीच नाही’ म्हणायचं असेल तर आधी ती वही दाखवायची. मुलं कुरकुरतात. वही मात्र भरत जाते आणि तिच्यातूनच पुष्कळदा पुढचा रस्ता निघतो.

आणि विचारलंतच, तर माझंही एक मागणं आहे. तुमच्यापैकी कित्येकांचे वाडे सध्या पाडायला निघाले आहेत. माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांच्या जमाखर्चाच्या वह्या, पत्रं, मोडीतली बाडं असतील. रद्दीवाल्याला बोलावण्याआधी मोबाईलने पानन् पान टिपून घ्या. उजेडात, सरळ धरून, क्रम न मोडता. कोणाची वही, कुठलं घर, साधारण कोणतं साल, हे कागदावर लिहून त्याचाही फोटो काढा. मूळ कागद भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या ठिकाणी दाखवा. त्यांना नको असेल तर मला सांगा, मी येऊन बघेन.